आबांच्या कौलांच्या कारखान्यात टाइल्स निघतील का?

शहादा तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. त्याच्या आजोबांचा, म्हणजे आबांचा, मंगळुरी कौलांचा कारखाना वीसेक वर्षांपासून बंद पडलाय. तीन एकर जागा, सोळा कप्प्यांची भट्टी, धुराडं, दोन हातप्रेस आणि एक गंजलेली पगमिल, म्हणजे माती मळायचं यंत्र, एवढं उरलंय. एक मशिनरी दलाल म्हणतो, गुजरातेतल्या मोरबीतली जुनी रोलर भट्टी आणून बसवा आणि दोन बाय दोनच्या फरशीच्या टाइल्स काढा, बँक कर्ज देईल. तरुणाला विचारायचंय की हा धंदा कौलांपासून टाइल्सपर्यंत आला कसा, आणि आबांच्या कारखान्याचं आधुनिकीकरण करायचं म्हणजे नेमकं काय करायचं.

भाऊ, आधी सरळ उत्तर देतो. त्या जागेवर दोन बाय दोनच्या विट्रिफाइड, म्हणजे जवळजवळ पाणी न पिणाऱ्या, टाइल्स काढायच्या फंदात पडू नका. पण कारखाना भंगारवाल्यालाही देऊ नका. तुम्ही पाठवलेले भट्टीचे फोटो मी तीन-चारदा मोठे करून बघितले. छतावर ओळीने लोखंडी झाकणं दिसतात, त्यातून वरून कोळसा सोडत असणार. म्हणजे ती हॉफमन पद्धतीची भट्टी आहे, आणि तिची कमान अजून खचलेली नाही. अशी कमान आज नव्याने बांधून देणारा गवंडी शोधून सापडणार नाही. ती भट्टी ठेवण्यासारखी आहे आणि रोलर भट्टी आणण्यासारखी नाही, असं मी का म्हणतो ते कळायला या धंद्याचा इतिहास आगीच्या बाजूने बघावा लागतो. मी १९८४ साली सिरॅमिकचा डिप्लोमा करून भट्टीवर लागलो, तेव्हापासून आगीपाशीच आहे. मला तरी दुसऱ्या बाजूने सांगता येणार नाही.

आपल्याकडे पूर्वी घरावर धाबं असायचं. लाकडी दांड्या, त्यावर काड्या, आणि वर खारी माती. सातपुड्याच्या पायथ्याला कुंभार चाकावर निमुळती नळी काढायचा, ओली असतानाच ती उभी चिरायचा आणि दोन कौलं करायचा. मंगळुरी कौल हे त्यापेक्षा वेगळंच काम होतं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन माणसाने १८६५ मध्ये मंगळुरात जेप्पू इथे कौलांचा कारखाना काढला. नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांच्या काठची चिकण माती, ती मळायला पगमिल, आणि साच्यात दाबायला प्रेस. एका कौलाची खाच दुसऱ्याच्या कडेत बसते, त्यामुळे पाऊस आत येत नाही आणि वजनही कमी लागतं. चौरस मीटरला पंधरा-सोळा कौलं पुरतात. पहिल्या महायुद्धात मिशनची मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली, पण तोवर तो नमुना हिंदुस्थानभर पसरला होता आणि ठिकठिकाणी स्थानिक लोकांनी कारखाने काढले होते. तुमच्या आबांचा कारखाना त्याच वंशातला.

या कारखान्यांचा जीव होता हॉफमन भट्टीत. फ्रीडरिश हॉफमनने १८५८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तिच्यात माल जागेवर बसलेला असतो आणि आग फिरते. आज पाचव्या कप्प्यात आग असेल तर मागच्या तीन-चार कप्प्यांत भाजलेला माल गार होत असतो. बाहेरची हवा त्या गरम मालावरून येते आणि आगीपर्यंत पोचेस्तोवर स्वतःच तापलेली असते. पुढे आगीचा धूर कच्च्या मालामधून जातो, त्याला शेकवतो आणि मग धुराड्याला लागतो. उष्णता फारशी वाया जात नाही. आज लाखो रुपयांच्या यंत्रणेला 'हीट रिकव्हरी' म्हणून विकतात ते या भट्टीत दीडशे वर्षांपूर्वीच होतं. त्या बदल्यात ती मागते वेळ. एक कप्पा भरल्यापासून माल बाहेर काढेपर्यंत आठवडा जातो.

तो आठवडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्याच्यावरच आहे.

फरशीच्या आणि भिंतीच्या टाइल्सचा धंदा आपल्याकडे उशिरा उभा राहिला. मुंबईत १९२२ पासून भारत फ्लोअरिंग्ज रंगीत सिमेंटच्या लाद्या काढत होती, पण त्या दाबून पाण्यात मुरवलेल्या असतात, भाजलेल्या नसतात. खान्देशात तर शहाबादी, मग मोझॅक, मग कोटा असा क्रम होता. भाजलेल्या, चकाकीच्या पांढऱ्या टाइलचा मोठा कारखाना म्हणजे १९५८ मधली जॉन्सन, त्यानंतर १९६९ च्या सुमारास सोमाणी, १९८० च्या दशकात कजारिया. तेव्हा टाइल म्हटलं की मोरी आणि संडास. दिवाणखान्यात टाइल बसवायची कल्पनाच नव्हती.

मी लागलो तो कारखाना भिंतीच्या टाइल्सचा, आणि भट्टी बोगद्याची. ऐंशी-नव्वद मीटरचा बोगदा, त्यातून रुळावरून टाइल्सने भरलेल्या गाड्या ढकलायच्या. पहिल्या भट्टीत कोरी टाइल भाजायची, तिला आम्ही बिस्किट म्हणायचो. त्याला दीड-दोन दिवस लागायचे. मग तिच्यावर ग्लेझ, म्हणजे चकाकीचा थर, चढवून दुसऱ्या भट्टीत पुन्हा एक दिवस. दर तासाला गाडीतून बुलर रिंग, म्हणजे भाजणी मोजायची मातीची कडी, काढायची, मापावर ठेवून ती किती आक्रसली ते बघायचं आणि वहीत लिहायचं. माझे वरिष्ठ भट्टीच्या झरोक्यातून डोकावून नुसत्या रंगावरून तापमान सांगायचे, आणि ते वीस अंशांत चुकायचे नाहीत. ते म्हणायचे, माती घाई केलेली विसरत नाही.

मग रोलर भट्टी आली. इटलीत सासुओलोच्या पट्ट्यात १९७० च्या दशकात एकदाच भाजायची पद्धत बसली, आणि आपल्याकडे ती पुढच्या दोन दशकांत आली. गाड्या नाहीत, रूळ नाहीत. चिनी मातीचे शेकडो नळीसारखे रोलर सतत फिरत असतात, त्यांच्यावरून एकेरी थरात टाइल धावते. आत जाते कच्ची आणि चाळीस-पन्नास मिनिटांत बाहेर येते भाजून. दोन-तीन दिवसांचं काम तासाच्या आत. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा भट्टीच्या तोंडाशी बराच वेळ नुसता उभा होतो.

पण आग वेगवान झाली तशी माती निवडक लागायला लागली. या एका वाक्यात तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. मातीत सेंद्रिय कुजट अंश असतो, बांधलेलं पाणी असतं, चुना असतो. ते सगळं वायू होऊन बाहेर पडायला वेळ हवा. आठवडाभराच्या भट्टीत तो मिळतो. पन्नास मिनिटांत मिळत नाही. वरचा थर वितळून बंद होतो, आतला कार्बन आतच अडकतो आणि टाइल फोडली की मधोमध काळा पट्टा दिसतो. अजून तापवली तर आतला वायू फुगतो आणि टाइलला पोट येतं. पुढे गार होताना ५७३ अंशांवर गारगोटीचे कण एकदम आकसतात. तिथे घाई झाली की डोळ्याला न दिसणारी चीर पडते आणि टाइल टिचकीला बद्द वाजते.

म्हणून आजच्या कारखान्यात माती 'बनवतात'. बिकानेरकडची बॉल क्ले, राजस्थानचंच फेल्डस्पार, थानगडच्या बाजूची माती, हे सगळं पाण्याबरोबर बॉलमिलमध्ये तासन्‌तास दळायचं. त्याची दाट रबडी होते, तिला स्लिप म्हणतात. ती स्प्रे ड्रायरच्या मनोऱ्यात गरम हवेत उडवायची, की खाली साखरेसारखा मोकळा दाणा पडतो, त्यात पाच-सहा टक्के ओल. तो दाणा हायड्रॉलिक प्रेसमध्ये दाबायचा, सुकवायचा, ग्लेझ द्यायचं, चित्र छापायचं आणि बाराशे अंशांवर भाजायचं. ०.५ टक्क्यापेक्षा कमी पाणी पिणारी टाइल झाली की ती विट्रिफाइड. छपाईचं मी फारसं सांगत नाही. पूर्वी जाळीच्या चौकटीने रंग ओढायचो, मग रबरी रूळ आले, २०१० नंतर डिजिटल प्रिंटर आले आणि आता संगमरवर, लाकूड, काय हवं ते छापून मिळतं. गिऱ्हाईक तेच बघतं. कारखाना मात्र तरतो किंवा बुडतो तो खालच्या नऊ मिलिमीटरांवर.

आता मोरबी. तुमचा दलाल मोरबीचं नाव घेतो म्हणून सांगतो, त्या गावाने हे सहज मिळवलेलं नाही. तिथेही सुरुवात कौलांचीच. ११ ऑगस्ट १९७९ ला मच्छू-२ धरण फुटलं आणि गाव वाहून गेलं. त्यातून ते उभे राहिले. २००१ च्या भूकंपाचा तडाखा बसला, त्यातूनही उठले. कौलं सोडून भिंतीच्या टाइल्स, मग फरशी, मग विट्रिफाइड. स्वस्त आगीसाठी त्यांनी कोळशापासून गॅस करणारे गॅसिफायर लावले. त्याचं डांबरट, फिनॉलचं पाणी ओढ्यांत गेलं आणि मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ते गॅसिफायर बंद करायला लावले. मी तेव्हा तिथेच होतो. आदेश योग्य होता, हे मी त्या वेळीही म्हणत होतो, कारण त्या पाण्याचा वास मी रोज घेत होतो. मग सगळे पाइपच्या नैसर्गिक गॅसवर गेले. २०२२ मध्ये गॅस महागला आणि मालाला उठाव नव्हता, तेव्हा बहुतेक कारखान्यांनी महिनाभर भट्ट्या विझवल्या. त्यानंतर कितीतरी जण प्रोपेनवर वळले. मातीच्या खाणी जवळ, गॅस दारात, कांडला-मुंद्रा बंदरं हाकेच्या अंतरावर, रोलर बदलणारा कारागीर फोन केला की अर्ध्या तासात हजर, इतकं सगळं असूनही त्यांची ही दमछाक झाली.

यातलं शहाद्यात काय आहे? दलालाला हे विचारा. मी तुम्हाला दोन आकडे देतो, ते त्याच्यापुढे ठेवा.

पहिला आकडा वजनाचा. दोन बाय दोनची, नऊ मिलिमीटर जाडीची टाइल चौरस मीटरला साधारण वीस किलो भरते. दिवसाला पाच हजार चौरस मीटर हे मोरबीत लहान काम समजतात, तरी ते शंभर टन झालं. भाजताना मातीचं वजन फार तर पाच-सात टक्के घटतं. म्हणजे राजस्थानातून माती आणून इथे टाइल करायची काय, किंवा तयार टाइल आणायची काय, ट्रकमध्ये ओझं तेवढंच. भाड्यात तुमची काही बचत नाही. कापूस इथे पिकतो म्हणून जिनिंग इथे चालतं. टाइलची माती इथे पिकत नाही.

दुसरा आकडा पाण्याचा. स्लिपमध्ये साधारण ३५ टक्के पाणी असतं. शंभर टन कोरड्या मालाला चोपन्न हजार लिटर पाणी घालायचं, आणि त्यातलं सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हजार लिटर स्प्रे ड्रायरमध्ये वाफ करून आकाशात सोडून द्यायचं. रोज. दहा हजार लिटरचे जवळपास पाच टँकर. मे महिन्यात आपल्या गावांत लोक हंडे घेऊन रांगेत उभे असतात तेव्हा हे करायला माझं मन धजत नाही. आणि ती वाफ करायलाही गॅस जाळायचा, भट्टीच्या खालोखाल उष्णता तिथेच जाते.

हे मी कागदावर मांडून सांगतोय असं नाही. आपल्याच भागात एका ओळखीच्या कारखान्यात हे घडलं आणि मी त्यात होतो. त्यांनी एका बंद युनिटची ऐंशी मीटरची रोलर भट्टी आणली. उभी करून द्यायला मला बोलावलं. भट्टी चांगली लागली. पहिले तीन आठवडे बाहेरून आणलेल्या दाण्यावर माल उत्तम निघाला. मग भाडं परवडेना म्हणून मालकांनी तीस टक्के स्थानिक माती मिसळली. पहिल्याच पाळीत काळा पट्टा आला. तापमान वाढवलं तर टाइल्सना पोटं आली. भट्टीचा वेग निम्म्यावर आणला तेव्हा पट्टा गेला, पण उत्पादनही निम्मं झालं आणि गॅस तेवढाच जळत राहिला. त्यातच एका रात्री वीज गेली. जनरेटर आपोआप सुरू व्हायला हवा होता, त्याची बॅटरी उतरलेली होती. रोलर भट्टीत रोलर फिरतात म्हणून सरळ राहतात. बाराशे अंशांत थांबले की काही मिनिटांत स्वतःच्या आणि टाइल्सच्या वजनाने झोळीसारखे वाकतात. आम्ही हाताने चाक फिरवायला धावलो, पण तप्त भागापर्यंत पोचेस्तोवर उशीर झाला होता. सकाळी भट्टी उघडली तर टाइल्स एकमेकींवर चढून चिकटल्या होत्या आणि चाळीस-एक रोलर कामातून गेले होते. नवे यायला नऊ दिवस. मालकांनी पुढच्या वर्षी भट्टी विकली. बॅटरी तपासायला हवी होती, ती मी तपासली नाही, आणि माती मिसळायची गोष्ट निघाली तेव्हाच मी ठामपणे नाही म्हणायला हवं होतं. त्या फुगलेल्या टाइल्सपैकी एक मी टेबलावर ठेवली आहे. कोणी रोलर भट्टीचं विचारायला आलं की आधी ती त्याच्या हातात देतो.

तर मग आबांच्या कारखान्याचं काय?

आपली माती बघू. खान्देशची जमीन बेसाल्टची, त्यातून झालेली काळी कसदार माती. कापसाला ती सोनं आहे, पण कौलाला नाही. तिच्यातला मॉन्टमोरिलोनाइट नावाचा चिकण मातीचा अंश पाणी पिऊन फुगतो आणि वाळताना इतका आक्रसतो की शेतात हातभर भेगा पडतात. पाटावर थापलेल्या कौलातही तेच होणार. म्हणून आबांनी रानातली काळी माती वापरली नसणार, नदीकाठचा पोयटा किंवा जुन्या तळ्याचा गाळ वापरला असणार. त्यात वाळूचा बारीक अंश असतो, फुगणं कमी असतं. तुमच्याकडे तुटकी कौलं पडली असतील. एक घ्या आणि फोडा. कडा विटकरी लाल आणि मधे जरा करडेपणा असेल तर माती बरी आणि भाजणी थोडी घाईची होती. पृष्ठभागावर मसुरीएवढे खड्डे आणि खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला तर ती चुनखडी. तापीच्या खोऱ्यात हा मोठा शत्रू. मातीत चुन्याचा खडा राहिला की भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. कौल भट्टीतून चांगलं निघतं, आठ-पंधरा दिवसांत हवेतली ओल त्या खड्याला मिळते, तो फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवतो. गिऱ्हाइकाच्या घरावर गेल्यावर. कारखान्याचं नाव असंच जातं.

याला उपाय आहे आणि तो महाग नाही. मातीवर सौम्य ॲसिडचे थेंब टाका, फसफसली तर चुना आहे. चुना बारीक, अर्ध्या मिलिमीटरच्या आत असला की त्रास देत नाही, म्हणून जोड रोलरची चक्की लागते, अगदी कमी फटीची. भाजलेला नमुना पातेल्यात वाफेवर तासभर धरला की उडायचं ते तिथेच उडतं, गिऱ्हाइकाकडे जात नाही. आकसणं जास्त असेल तर तुटक्या कौलांची भुकटी, तिला ग्रॉग म्हणतात, मिसळायची. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राची राखही थोड्या प्रमाणात चालते, पण छपराच्या कौलात जपून. राख वाढली की कौल पाणी जास्त पितं.

आता खर्चाचा क्रम. लोक आधी प्रेस बघायला जातात. मी म्हणेन, पहिला पैसा वाळवणीवर घाला. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, झळा सुटतात. शेडमध्ये ठेवलेल्या कौलाची कड दुपारपर्यंत कोरडी ठक्क होते आणि पोट ओलंच राहतं. कड आकसते, पोट आकसत नाही, कौल मुरडतं किंवा कोपऱ्यातून चिरतं. जुनी माणसं शेडच्या पश्चिमेला गोणपाट बांधून ते ओलं ठेवायची, मोठा माल रात्री काढायची. पावसाळ्यात उलटं, पंधरा दिवस झाले तरी कौल वाळत नाही आणि मजूर बसून राहतात. तुमच्या भट्टीत गार होणाऱ्या कप्प्यांची काही गरम हवा आगीला पुरून उरते. ती पंख्याने ओढून, मातीच्या किंवा पत्र्याच्या बोगद्यातून बंद खोलीत सोडा. सुरुवातीला कमी उष्ण आणि दमट, मग हळूहळू कोरडी. हे एवढं केलं तरी बाराही महिने काम चालेल आणि फुटीचा ढीग निम्म्याने तरी खाली येईल.

दुसरा पैसा हवा काढून घेणाऱ्या पगमिलवर. साध्या पगमिलमधून निघालेल्या मातीत बुडबुडे राहतात. निर्वात पगमिलमधून आली की ती लोण्यासारखी कापते, आणि तोंडाशी साचा बदलला की त्याच यंत्रातून जाळीचे ठोकळे, पोकळ विटा, भिंतीवर लावायच्या विटेच्या पातळ लाल टाइल्स निघतात. तिसरा पैसा भट्टीच्या प्रत्येक कप्प्यात थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, बसवण्यावर. नऊशे ते हजार अंशांचं काम आहे, साधे थर्मोकपल पुरतात, आकडे मोबाइलवर बघता येतात. झरोक्यातून बघणारी नजर आता कोणाकडे उरली नाही, म्हणून हे लागतंच.

इंधनाला कोळसा एकदम सोडू नका, पण कपाशीच्या काड्यांच्या कांड्या, ज्यांना बाजारात पांढरा कोळसा म्हणतात, त्या आपल्याकडे मिळतात. पहिल्या फेरीत पाव हिस्सा मिसळा. वरून टाकायच्या भट्टीत त्या फोडून, लिंबाएवढ्या करून टाकाव्या लागतात. राखेचे डाग पडतात का ते बघत हिस्सा वाढवा. केळीच्या खांबांचं कोणी सुचवेल, ते ऐकू नका. त्यात जवळजवळ सगळं पाणीच असतं.

माल विकेल का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण रात्री झोपताना तो येत असणार. कौल पत्र्याला हरलं ते मुख्यतः लाकडापायी. दांड्या आणि वाशांना सागवान मिळेना, मिळालं तर परवडेना. वर पायथ्याच्या गावांत माकडांचा त्रास. आज लोखंडी चौकोनी पाइपांवर कौल बसतं, तो अडसर गेलाय. पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी बसवत नाही हे आपल्याकडे प्रत्येकाला माहीत आहे, आणि कौलाखाली सपाट सिलिंग टाइलचा दुसरा थर दिला तर खोलीत येणारी धग चांगलीच कमी होते. शेतघरं, शाळांच्या पडव्या, गच्चीवर टाकायच्या लाल फरश्या, बंगल्यांच्या जाळ्या, जुन्या वाड्यांची दुरुस्ती, यात मागणी आहे. ती प्रचंड नाही. सोळा कप्प्यांच्या भट्टीला पुरेल इतकी आहे, आणि इथे मोरबी तुमच्याशी भांडायला येणार नाही, कारण या मालाचं भाडं त्याच्या किमतीच्या मानाने फार पडतं.

एक गोष्ट यंत्रांइतकीच मोलाची. कोरड्या मातीची आणि ग्रॉगची भुकटी फुप्फुसात जाते, गारगोटीचे कण तिथे कायमचे राहतात आणि सिलिकोसिस होतो. त्याला औषध नाही. माझ्याबरोबर प्रेसवर काम केलेली दोन माणसं साठीही न बघता गेली. चक्कीवर आच्छादन आणि धूळ ओढणारा पंखा, झाडू मारण्याऐवजी पाण्याने धुणं, वर्षाला छातीचा एक्सरे. हे यादीच्या शेवटी ढकलू नका. कर्जाच्या अंदाजपत्रकात पहिल्या पानावर लिहा.

कागदपत्रांचं थोडक्यात: माती उचलायला गौण खनिजाचा परवाना आणि रॉयल्टी, आणि भट्टी पेटवायच्या आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. धरणाच्या गाळावर नजर असेल तर लक्षात घ्या, सरकारी योजनेतून तो शेतकऱ्यांसाठी जातो आणि त्याच्यावर पहिला हक्क शेताचाच असावा.

हे सगळं पुढचं. येत्या महिन्यात पैसे न घालता एवढंच करा. आबा माती कुठून आणायचे ते गावातल्या जुन्या गाडीवानाला विचारा, घरच्या वह्यांत नोंद असेल तर उत्तमच. त्या जागेवरून आणि आसपासच्या आणखी दोन ठिकाणांहून माती घ्या. प्रत्येक ठिकाणी वरची माती वेगळी, एका हाताखालची वेगळी, तीन हातांखालची वेगळी. प्रत्येकीची वीतभर लांब, बोटभर जाड पट्टी करा, तिच्यावर सुरीने बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ मारा आणि सावलीत वाळवा. रेघ नऊ सेंटिमीटरच्या खाली आली तर ती माती एकटी चालणार नाही. चिरलेल्या पट्ट्या फेकू नका, त्याही मला बघायच्या आहेत. दर मातीचे पाच किलो गोणीत भरा, गोणीत चिठ्ठी टाका, चिठ्ठीवर जागा आणि खोली लिहा, आणि पट्ट्यांसकट घेऊन या. माझ्याकडे लहान विजेची भट्टी आहे, दोन दिवसांत भाजून देतो.

येताना आबांच्या वेळचं एक अख्खं कौलही आणा, ज्याच्या पाठीवर कारखान्याचा शिक्का असेल असं.